गुरुजींनी लिहिलेलं वय

रंभाजी गुरुजींना नियम मोडलेला खपत नाही आणि सगळ्यांनी नियम पाळला तर करमत नाही. वय चौऱ्याहत्तर. पस्तीस वर्षं राजूरच्या वरच्या वाड्यांवर प्राथमिक शिक्षक होते. धरणावर ट्रायथलॉन भरवणाऱ्या पुण्याच्या मंडळींनी आदल्या दिवशीच्या नोंदणीसाठी गावातला विश्वासू माणूस मागितला, तेव्हा त्यांचं नाव मीच सुचवलं. टेबलं आमच्याच हॉटेलच्या अंगणात मांडायची होती. हा उपद्व्याप मला चांगलाच भोवला.

पोहणं, सायकल आणि पळणं, तिन्ही एका दमात करायची ही शर्यत. तिच्या नियमांचं पुस्तक बावीस पानांचं. स्पर्धक ते वाचत नाहीत. गुरुजींनी दोनदा वाचलं, लाल पेनाने खुणा केल्या आणि तीन दिवस मला त्यावर प्रश्न विचारले.

शनिवारी अकराला नोंदणी सुरू झाली. आधी ओळखपत्र, मग वय, मग सही, मनगटाला नंबरची पट्टी आणि शेवटी सायकल. सायकलचे ब्रेक लागले पाहिजेत, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बसला पाहिजे आणि हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं पाहिजेत, कारण पडल्यावर उघडी नळी पोटात घुसते. गुरुजी प्रत्येक हँडलला बोट लावून बघत होते. एकाचं एक बूच नव्हतं. सायकल परदेशातली आहे, असं तो ऐटीत म्हणाला. परदेशात भोकं उघडी ठेवतात का, असं गुरुजींनी विचारलं आणि त्याला बाजूला उभं केलं. दुसऱ्याने ओळखपत्राचा मोबाईलमधला फोटो दाखवला. पुस्तकात ‘मूळ प्रत’ असं लिहिलेलं होतं. तो बिचारा आठ किलोमीटर मागे मुक्कामाच्या जागी जाऊन ओळखपत्र घेऊन आला.

सव्वाचारला रतनबाई आली. एसटीत कंडक्टर, आणि गुरुजींची विद्यार्थिनी. दोन वर्षं ती पहाटेच्या ड्यूटीआधी धरणात पोहत होती, घाटात सायकल चालवत होती. उद्याच्या सुट्टीसाठी तिने चौघांशी ड्यूट्या बदलून घेतल्या होत्या. गुरुजी खुर्चीत ताठ झाले. ही माझ्या हाताखाली शिकली, हे त्यांनी रांगेतल्या ज्याला ऐकायचं नव्हतं त्यालाही सांगितलं.

मग त्यांनी तिचं आधार कार्ड हातात घेतलं. जन्म एक जून, पन्नास पूर्ण. पन्नास पूर्ण असलेल्यांना महिन्याभरातलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. रतनकडे ते नव्हतं. प्रमाणपत्र नाही तर नंबर नाही, आणि नोंदणी सहाला बंद, असं गुरुजींनी दिवसभराच्याच सुरात सांगितलं.

रतन म्हणाली, “गुरुजी, मी पन्नाशीची न्हाई. मला तुमीच पन्नाशीची केलीया.”

तेव्हा वाड्यांवर जन्माचे दाखले नव्हते. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की मूल सहा वर्षांचं. आणि शाळा जूनमध्ये भरते म्हणून जन्म एक जूनचा. पंचेचाळिशीच्या पुढचा निम्मा तालुका एक जूनला जन्मलेला आहे. रतन शाळेत आली त्या वर्षी गुरुजींच्या शाळेला वीस मुलं दाखवायची होती आणि एकोणीसच भरली होती. रतन जेमतेम चार वर्षांची. हात कानाला पोचेना, म्हणून गुरुजींनी तिची मान कलती केली आणि सहा पूर्ण लिहिलं. हे सगळं रतनने भर रांगेत सांगितलं. गुरुजी नाही म्हणाले नाहीत. आपण आयुष्यात एकही खोटी नोंद केली नाही, असं हा माणूस प्रत्येक सत्काराच्या भाषणात सांगत आला होता.

अकरापासून चहालाही न उठलेले गुरुजी उठले आणि नोंदणीची प्रमुख सायली हिच्याकडे गेले. नोंद खोटी आहे आणि ती मी केली आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं. सायली सव्वीस वर्षांची. ऐकता ऐकता तिने स्वतःचा हात डोक्यावरून नेऊन कान धरून पाहिला. मग नरमाईने म्हणाली की कार्डावरची तारीख तिला बदलता येत नाही, पण सहाच्या आत प्रमाणपत्र आणलं तर प्रश्न नाही. गुरुजी तिच्याशी वाद तरी काय घालणार? दिवसभर ते हेच लोकांना ऐकवत होते.

मी गाडी काढली. टेबल सायलीवर सोपवून गुरुजीही रतनबरोबर गाडीत बसले. राजूरच्या डॉक्टरांनी पट्ट्या लावून रतनचं हृदय तपासलं. ते ठणठणीत निघालं. मग गुरुजींची धाप बघून त्यांच्याही दंडाला पट्टा गुंडाळला आणि उद्या तुम्ही फक्त खुर्चीत बसा, असं बजावलं. एरवी मला याची मजा वाटली असती. आज वाईट वाटलं.

परत येताना गुरुजी म्हणाले, “रतन, तुझी दोन वर्षं मी खाल्ली. नोकरीतनंसुद्धा दोन वर्षं आधी घरी बसशील.”

रतन म्हणाली,

“गुरुजी, त्या दिशी माझ्यासंगं माझी चुलतबहीण आल्ती, सखू. माझ्याच वयाची. तिचाबी हात पोचला न्हाई. तुमाला एकच पोर कमी हुतं, म्हनून तिला पुढच्या साली या म्हनलात. पुढच्या साली तिचा बा समद्यास्नी घिऊन नारायणगावला मजुरीला गेला. ती अजून तिथंच कांदे काढती. तिचं वय तुमी खोटं लिवलं न्हाई.”

अंगणात पोचलो तेव्हा सहाला दहा कमी होते. गुरुजींनी प्रमाणपत्राची तारीख, सही, शिक्का सगळं नेहमीसारखं तपासलं आणि रतनच्या मनगटाला पट्टी स्वतः बांधली.

सहा वाजले. सायली दुसऱ्या टोकाची टेबलं आवरायला गेली. सहा वाजून चार मिनिटांनी कोतूळकडचा गोरक्ष नावाचा एक शेतकरी सायकल ढकलत, घामाघूम होऊन आला. वाटेत टायर फुटला होता. त्याने ओळखपत्र पुढे केलं, पण नोंदणी संपली का हे विचारायचा धीर त्याला होईना.

गुरुजींनी ओळखपत्र पाहिलं. भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. मग रजिस्टर पुढे ओढलं आणि वेळेच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, पाच एकोणसाठ.