डावीकडे सरकलेला चौकोन

मुक्ताबाईंचा डावा हात टाइपरायटरवर असायचा, नाहीतर पदराखाली. चहाचा कप, फाइल, कुणी दिलेला पेढा, सगळं उजव्या हाताने. केजच्या आमच्या खरेदी-विक्री संघात त्या टायपिस्ट आणि मी हिशेबनीस. कितीतरी वर्षं आमची टेबलं एकमेकांना चिकटून होती. काही माणसं असतात संकोची, असं म्हणून मी तो पदराखालचा हात सोडून दिला होता.

टाइपरायटरवर बसल्या की मात्र ही बाई वेगळीच. पदर खोचायचा, दोन्ही हात बाहेर, आणि मग अशी खडखड सुटायची की बाहेर काट्यावरचे हमाल म्हणायचे, “बाई लागल्या बगा कामाला.” मी एकदा कौतुक केलं तेव्हा म्हणाल्या, “भाऊ, टायपिंगात दोनी हात लागत्यात. कोणता पुढं आन् कोणता मागं, कुनी इचारत न्हाई.” मला वाटलं, बाई वेगाचं गुपित सांगताहेत.

पुढे बसस्टँडसमोर एसटीडीचे बूथ झाले, पानटपरीवर परदेशी कोल्ड्रिंक आलं आणि आमच्याकडे कॉम्प्युटर आला. टाइपरायटर कोपऱ्यात जाऊन पोत्याखाली झाकला गेला. टेबलाच्या उजव्या अंगाला माउस बसला आणि मुक्ताबाईंची दैना सुरू झाली. टाइप करायला अजूनही त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण माउस धरला की पडद्यावरचा बाण नुसता भरकटायचा. “ह्याला केजला चल म्हनलं की ह्ये गेवराईला जातंय,” असं म्हणून स्वतःच हसायच्या.

नवे मॅनेजर आले आणि ते हसू आटलं. सोमवारी परीक्षा, ज्याला कॉम्प्युटर जमणार नाही त्याने घरी बसावं, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. बाईंच्या नवऱ्याने केव्हाच दुसरा घरोबा केला होता. घरी म्हातारे वडील, त्यांचं किराणा दुकान बंद पडलेलं. दोघांची चूल बाईंच्या पगारावर पेटत होती. “भाऊ, हितनं उटवलं तर आप्पाला घेऊन कुटं जाऊ?” त्यांनी विचारलं.

सोमवारी नेमकी वीज गेली. मॅनेजरसाहेबांनी आपला लॅपटॉप काढला. आम्ही ते यंत्र प्रथमच जवळून पाहत होतो. त्याला माउस नव्हता. स्पेसबारच्या खाली काडेपेटीएवढा चौकोन होता, त्यावर बोट फिरवलं की बाण हलायचा. तोही मधोमध नव्हता, जरा डावीकडे सरकलेला. “एवढीशी जागा, तीही भलतीकडे. बनवणाऱ्याला मापच कळत नाही,” साहेब करवादले. एक पत्र टाइप करायचं आणि मग त्यातल्या ओळी सांगतील तशा वरखाली करायच्या, ही परीक्षा.

बाईंनी पदर खोचला. पत्र झालं. आता ओळी हलवायच्या. त्यांची फजिती बघवणार नाही म्हणून मी नजर खाली घातली. पण साहेबांनी खुर्ची पुढे ओढली, तसं वर पाहिलं आणि मी थक्कच झालो. बाईंच्या डाव्या हाताचं बोट त्या चौकोनावर फिरत होतं आणि साहेब म्हणतील तिथे बाण जाऊन थांबत होता. एवढी सफाई साहेबांच्या स्वतःच्या हाताला नव्हती. ही बाई डावखुरी होती, आणि इतकी वर्षं शेजारी बसून मला त्याचा पत्ता नव्हता.

“एकच ओळ राहिली, बाई,” साहेब म्हणाले, आणि त्याच वेळी दारात बाईंचे वडील, आप्पा, उभे राहिले. कपाळावर भस्माचे पट्टे, हातात लेकीचा डबा. त्यांनी ते बोट पाहिलं.

“मुक्ते, हात काड.”

आवाज मोठा नव्हता, तरी आम्ही सगळे थिजलो. हात काढला असता तर नोकरी गेलीच होती. बाईंनी हात काढला नाही. वडिलांपुढे मान वर न करणारी ती बाई शांतपणे म्हणाली, “आप्पा, रोज सकाळी लिंग कोणच्या हातावर घेता?”

लिंगायत माणूस पूजेला बसला की इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवतो. आप्पांनी जन्मभर ठेवलं होतं. लेक बापाला असं विचारील यावर माझा विश्वास बसेना, आणि आप्पांचाही बसला नसावा. ते बाकावर टेकले. डबा खाली ठेवून स्वतःचा डावा पंजा उघडून बघत राहिले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, “लहानपनी ताटात डावा हात घातलास म्हनून उलथनं लावलं म्या. लई पोळलं होतं का गं?”

तेव्हा मला दिसला तो डाग. बाईंच्या डाव्या तळहाताच्या कडेला, उलथन्याच्या टोकाएवढा, जुना, गुळगुळीत. साहेबांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

“लई, आप्पा,” पडद्यावरची नजर न काढता मुक्ताबाई म्हणाल्या, आणि राहिलेली ओळ त्याच बोटाने जागेवर नेऊन ठेवली.