दोन खांबांचं वर्ष

निपाणीहून चिकोडीकडं जाताना एक खडकाळ माळ लागतो. त्याच्या पायथ्याला तारामती मगदूम यांचं शेत आहे. नवरा शांतिनाथ वारल्यावर शेती त्यांनीच हातात घेतली. धाकटा दीर भूपाल याच्यासोबत बोअर सामाईक होती, तिच्या पाण्यावर दोघांचा ऊस चालायचा. शेताच्या खालच्या कोपऱ्यात पाणी साचून चिबड झालेली जागा होती. तिथं गवताशिवाय काही येत नसे.

तो कोपरा मागायला एक दिवस मनिषा आली. ती बेळगावच्या वडगावातली, कापड विणणाऱ्या मागवाल्यांच्या घरची. पुण्यात हवामानाच्या संशोधनात काम करायची. सूर्याकडून पृथ्वीवर किती ऊर्जा येते आणि पृथ्वीकडून किती परत जाते, हे उपग्रह वरून मोजतात, असं तिनं सांगितलं. येणं आणि जाणं यांत फरक अगदी थोडा असतो, पण तेवढ्यानंच पृथ्वी तापत जाते. उपग्रहाच्या मापांवरून खाली जमिनीवर किती ऊन पोचलं असेल याचा अंदाज मांडतात. तो बरोबर आहे का, हे पाहायला जमिनीवरही यंत्रं लागतात.

"म्हंजे वरच्याचा भरवसा न्हाय म्हणा की," तारामती म्हणाल्या.

"आहे आक्का. पण यंत्राची नजर वयानं बदलते. कुणीतरी ताडून बघायला हवं."

कोपऱ्यात खांब उभा राहिला. आडव्या दांडीवर चार यंत्रं होती, दोन आभाळाकडं तोंड करून आणि दोन जमिनीकडं. रोज सकाळी वरच्या काचा मऊ कापडानं पुसायच्या, एवढं काम तारामतींकडं आलं. उसाचा पाला पेटवायच्या दिवसांत काचांवर काजळी बसायची, तेव्हा त्या दुपारीही एक फेरी मारत. अशी बरीच वर्षं गेली.

मग बोअरचं पाणी खाली जाऊ लागलं. भूपालनं दोघांसाठी शेततळं काढायचं ठरवलं, आणि पाणी आपोआप गोळा होईल अशी जागा एकच होती. खांबाचा कोपरा.

तारामतींनी मनिषाला फोन लावला. "एवढंसं तळं वरनं दिसतंय व्हय तुमच्या उपग्रहाला?"

"नाही दिसत. तो एका नजरेत वीसेक किलोमीटरचा मुलूख बघतो. पण खांबाला खाली फक्त तळंच दिसेल. गवतावरून परत जाणारं ऊन वेगळं, तळाशी प्लास्टिक घातलेल्या पाण्यावरून जाणारं वेगळं."

"मग खांब माळावर न्या."

"नेऊ. पण एक वर्ष जुना आणि नवा, दोन्ही चालू राहायला हवेत. दोघांत किती फरक पडतो ते कळलं, की मग जुना काढता येईल. उपग्रहांचंही असंच करतात, जुना थकायच्या आत नवा सोडून दोघांची मापं ताडतात. आमच्या घरी मागावरचा जुना ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की त्याच्या टोकांना नवा सांधतात, तसं. जुना आधीच कापला तर नवा सांधायचा कशाच्या टोकाला?" मग ती म्हणाली, "पण जमीन तुमची आहे आक्का. तुम्ही नाही म्हणालात तर माझं काही म्हणणं नाही."

तारामतींनी दोन दिवस विचार केला आणि भूपालला गाठलं.

"अण्णा, तळं पुढच्या साली काढूया."

"वैनी, त्या दांडक्यापायी? उन्हाळ्यात ऊस वाळला म्हंजे?"

"वाळंल कदाचित. एवढी वर्षं त्यानं एका जागी उभं राहून बघितलंय. मधनंच तोडायचं माझ्या मनाला येत न्हाय."

"मनाचं काय घेऊन बसलाय! पोटाचं बघा."

कोपरा तारामतींच्या वाटणीचा होता, म्हणून भूपालला ऐकावं लागलं. माळावर दुसरा खांब उभा राहिला. पावसाळा बेताचा झाला आणि चैत्रात बोअर हवा ओकू लागली. तारामतींनी आधी भूपालचा ऊस भिजवला आणि आपला सोडून दिला. तरी त्याचाही निम्मा गेला. वाळका ऊस दोघांनी वैरणीला तोडला. भूपालनं बोलणं टाकलं. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजेला समोरासमोर आले तरी तो मान फिरवून जाई. तारामतींना ते लागायचं. आपण चुकलो का, असं त्यांनी सून क्षमाला एकदा विचारलं. क्षमा म्हणाली, "चुकला न्हाईसा, पण काकांचं नुकसान झालं ते झालंच." तारामतींनी ते मान्य केलं.

वर्ष पुरं झालं तेव्हा मनिषा स्वतः आली. दोन्ही खांबांच्या मापांतला फरक ऋतूप्रमाणं थोडा हलत होता, पण त्याचा मेळ लागत होता. जुनी मापं नव्यांना जोडता येणार होती.

"उपयोग झाला म्हणायचा?" तारामतींनी विचारलं.

"जगभरात असे खांब पुष्कळ आहेत, आक्का. त्यातला एक तुटला नाही, एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

तारामती हसल्या आणि तिला जेवायला घेऊन गेल्या.

त्याच महिन्यात जुना खांब काढून कोपऱ्यात तळं खोदलं. पावसाळ्यात ते भरलं. त्याच्या पाण्याची पहिली पाळी तारामतींनी भूपालला दिली. त्यानं ती घेतली. पाणी पाजून झाल्यावर तो बांधावर आला आणि म्हणाला, "वैनी, मोटर बंद केल्या बगा. उद्या तुमचं लावून घ्या."