सोहन्याच्या पलीकडलं गाव

परभणीच्या फलाटावर आई खिडकीचे गज धरून उभी होती. गाडी हलली तरी तिला सोडवेना. "पोचलीस की शेजारच्या नानांकडं फोन कर गं माय," एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मला दिल्लीत नोकरी लागली होती आणि आमच्या गल्लीतून इतक्या लांब जाणारी मी पहिलीच मुलगी.

सुरुवातीला मुनिरकात भाड्याची खोली घेतली. पुढे ऑफिस गुडगावला गेलं, मग मीही गेले. सगळीकडे खोदलेली जमीन आणि अर्धवट उभ्या इमारती. तुमच्यापैकी जे इकडे आलात त्यांना ती धूळ आठवत असेल. घशातून जायचीच नाही.

एकदा कंपनीने ठरवलं की महिन्यातल्या दोन शनिवारी गावांसाठी काही करायचं. 'गाव' हा शब्द ऐकूनच मी हात वर केला. गुडगावजवळच्या सोहना या छोट्या शहराच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आम्हाला मिळालं. चौपालीवर, म्हणजे गावच्या पारावर, बायकांना लिहायला-वाचायला शिकवायचं काम माझ्याकडे आलं.

तिथे संतोष भेटली. हरियाणात हे बायकांचंही नाव असतं. विशीची असेल, पोटुशी, तोंडावर घूंघट. स्वतःचं नाव लिहिता आलं तेव्हा घूंघटाच्या आतून इतकी हसली की सासू भतेरी ओरडली, "बस कर, बावळी!" आणि मग स्वतःच हसली.

एका शनिवारी संतोषचे पाय सुजलेले दिसले. डोकं ठणकतंय म्हणाली. पुढच्या खेपेला मी हट्टाने कंपनीच्या डॉक्टरबाईंना जीपमध्ये घालून नेलं. त्यांनी रक्तदाब मोजला आणि सासूला बजावलं, "हिचं बाळंतपण हॉस्पिटलातच व्हायला हवं. दुखायची वाट बघू नका."

"गाड़ी कौन देगा?" भतेरीने विचारलं.

मी सोमवारी ऑफिसात जीप मागितली. निदान बाळंतपणाच्या त्या महिन्यापुरती गावात राहू द्या म्हटलं. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "अरे यार, जीप सॅटर्डेचीच सँक्शन आहे." मी वरच्यांकडेही गेले. 'बघू' म्हणाले.

ते बघत असतानाच बुधवारी संतोषला झटके आले. गावातला एकमेव फोन बंद पडलेला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधड्या घालून तिला नेलं. हॉस्पिटलात मुलगी जन्मली. संतोष वाचली नाही.

आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. शनिवारी चौपाल रंगवायला रंगाचे डबे आणि कंपनीचा बॅनर घेऊन पोचलो, तर चौपालीवर कुणी नाही. भतेरी दारात बसली होती, मांडीवर ते इवलंसं बाळ. माझ्याकडे बघून ती रागावलीसुद्धा नाही. "बेटी, तू तो शनिवार को ही आती है," म्हणाली. मागे आमच्यातलाच एकजण हळूच विचारत होता, "ग्रुप फोटो आज घ्यायचा का?"

पुढच्या महिन्यापासून कंपनीने हायवेजवळचं दुसरं गाव घेतलं. मी सोहन्यापर्यंत बसने आणि पुढे जे मिळेल त्याने जात राहिले. भतेरी चहा द्यायची, बाळ माझ्याकडे द्यायची. दोन वर्षांनी त्या जमिनी बिल्डरने घेतल्या. घरं पांगली. भतेरी नातीला घेऊन रेवाडीकडे माहेरी गेल्याचं कळलं. मी तिथवर जाऊन विचारलं, पण पत्ता लागला नाही. त्या पोरीचं नाव संतोषच ठेवलं होतं.

त्याच हिवाळ्यात आई गेली. सकाळी अंगणात कोसळली. नानांनी आणि पलीकडच्या रझियाचाचींनी तिला दूधवाल्याच्या टेम्पोतून दवाखान्यात नेलं. वाटेत चाचींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मी दुसऱ्या दिवशी पोचले.

पुढे माझं लग्न झालं, मुलगी गुडगावातच वाढली. परवा जेवताना तिने विचारलं, "मम्मी, अपना घर मतलब परभणी की इथलं?"

"परभणी," मी म्हणाले.

"पर वहाँ अपना कौन है?"

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे मला सांगता आलं नसतं. "तिथे शेजारी आहेत," मी म्हणाले.