थेंबताईंचा कोरा नमुना

आमच्या लॅबमध्ये थेंबताई सव्वीस वर्षं नमुने तपासतात. हातून कधी एक थेंब सांडला नाही, म्हणून हे नाव. मी त्यांच्यासमोरच्या खिडकीत बसून बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवते, त्यामुळे त्यांच्या स्वभावाचा मासिक अहवाल मला तोंडपाठ. बाई मुलखाची मत्सरी. लहानपणी धाकट्या बहिणीच्या वेणीचं कौतुक झालं म्हणून त्यांनी त्या वेणीला डिंक फासला होता. लग्नात नवऱ्याच्या मामेबहिणीने त्याला "अरे" म्हटलं, तर आठ दिवस अबोला. हे सगळं त्या स्वतःच सांगतात आणि वर म्हणतात, "आहे माझा स्वभाव, काय करू?"

नवरा मात्र गरीब गाय. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. सिगारेट नाही, तंबाखू नाही. थेंबताईंना त्याचा गर्व आणि, लपवून काय करायचंय, मला त्यांचा हेवा. माझ्या वाट्याला आलेला एकही पुरुष इतका स्वच्छ निघाला नाही.

विमा कंपन्या आमच्याकडे माणसं पाठवतात. मी सिगारेट ओढत नाही असं फॉर्मवर लिहिणाऱ्यांची लघवी तपासायची. निकोटिन शरीरात गेलं की त्याची खूण तिथे उतरते. या तपासणीचं नवं किट आलं की आधी एका खात्रीच्या माणसाचा नमुना लावून बघतात. शून्य आलं पाहिजे. आमच्यात खात्रीचं कोण? डॉक्टर सिगारेट ओढतात, शिपाई तंबाखू मळतो, माझ्या घरी धूर असतोच आणि तपासणाऱ्याने स्वतःचा नमुना लावायचा नाही. तेव्हा दर वेळी थेंबताई घरून नवऱ्याची बाटली आणायच्या आणि मिरवत आणायच्या.

या वेळी आकडा आला सहा.

त्यांनी तीनदा लावून पाहिलं. तिन्ही वेळा सहाच. मी म्हटलं, "ओढणाऱ्यांचा शेकड्यांनी येतो हो. सहा म्हणजे काहीच नाही."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "हे ओढत नाहीत. ओढणारं कोणीतरी यांच्या शेजारी बसतं. रोज बसतं."

झालं, संशय मानगुटीवर बसला. नवऱ्याच्या शर्टाला सिगारेटचा वास नव्हता, स्ट्रॉबेरीसारखा गोड वास होता. मग ई-सिगारेट, हे त्यांनी डॉक्टरांना विचारून पक्कं केलं. डॉक्टर म्हणाले, "ती नुसती पाण्याची वाफ नसते. ओढणारा सोडतो त्यात निकोटिन असतं. सिगारेटच्या धुरापेक्षा कमी, पण बंद जागेत शेजारच्याच्या अंगात जातंच."

बंद जागा म्हटल्यावर थेंबताईंना दुकानातली काचा घासायची खोली आठवली आणि तिथे नव्याने लागलेली मदतनीस. दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या चष्म्याचा नंबर काढायला गेल्या आणि तासभर त्या बाईच्या मागे नाक लावून हिंडल्या. बाईला साध्या पावडरीनेही शिंका येत होत्या. थेंबताई शरमिंद्या होऊन परतल्या आणि येताना एक नको असलेली फ्रेम ठरवून आल्या.

संध्याकाळी त्यांनी घरची छोटी गाडी उघडली. तोच वास. पुढच्या सीटखाली पेनाएवढी नळी सापडली. ती त्यांनी नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"कोण आहे ती?"

नवरा जेवायचा थांबला. बाजूला त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी बसली होती. तिनेच हात पुढे केला. "माझी आहे."

बाप रोज सकाळी तिला कॉलेजला सोडतो, पाऊण तास, काचा बंद. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

"वाफ असते गं आई नुसती. बाबांना काही होत नाही."

"सहा होतं," थेंबताई म्हणाल्या. मुलीला आकडा समजावून सांगितल्यावर तिचा चेहरा पडला. तिने नळी स्वतः मोडून कचऱ्यात टाकली. बापाने मात्र मान वर केली नाही. त्याला चार महिने ठाऊक होतं. मुलीचं एका मुलाशी जमलेलं मोडलं, ती एका विषयात नापास झाली, तेव्हापासून हे सुरू झालं. हे सगळं गाडीतच बोलून झालं होतं. घरात कोणालाच माहीत नव्हतं, म्हणजे थेंबताईंना.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू लगेच चूक काढतेस, आई. बाबा ऐकतात."

हे मला त्यांनी दुसऱ्या दिवशी खिडकीशी उभ्या राहून सांगितलं. दुसरी बाई निघाली नाही, मग कशाला रडता, असं मी विचारलं. मला खरंच वाटलं, सुटल्या.

"दुसरी बाई असती तर भांडले असते," त्या म्हणाल्या. "पोटच्या पोरीवर जळतेय मी. माझा नवरा तिच्याकडे, आणि तीही त्याच्याकडे. दोघं एकमेकांना मिळाली."

मग त्यांनी खिशातून एक कागद काढला. सकाळी लवकर येऊन त्यांनी स्वतःचाच नमुना लावला होता. त्याच घरात राहतात, त्याच माणसांचं रांधतात. आकडा शून्य होता. असा कागद हातात पडला की लोक माझ्या खिडकीशी हसतात.

"अहो, गाडीत मागची सीट रिकामीच असते की," मी म्हटलं.

"मला कुणी बस म्हणालंच नाही."