पुंडलिकनगरातला भूतान

आमच्या मोठ्या साडूंचा फक्त देह पुंडलिकनगरात राहतो. बाकीचे सबंध साडू भूतानमध्येच राहून गेले आहेत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे हे यजमान. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्या चिमुकल्या बौद्ध राज्यात, डोंगर फोडून रस्ते करण्याच्या कामावर सुपरवायझर म्हणून काढली आणि निवृत्त होऊन आले ते सामान कमी, रिवाज जास्त घेऊन. त्यांच्यापुढं कुठलाही विषय काढा, घाट चढून तो भूतानला पोचतोच. गाडी पंक्चर झाली म्हणून उशीर झाला, एवढं मी सांगितलं तरी ते म्हणाले, "तिथं आख्ख्या राजधानीत एक सिग्नल नाय. पोलीस नुसते हात हलवतो, पण बघत राहावं असं." आणि भर रस्त्यात उभं राहून त्यांनी ते हात हलवून दाखवले. दोन रिक्षा थांबल्या.

तिकडं मिरची हा मसाला नसून भाजी आहे. मराठवाड्याच्या माणसाला तिखटाची भीती घालणं सोपं नाही. पण चीजमध्ये शिजवलेली वाटीभर अख्ख्या मिरच्यांची भाजी त्यांच्या घरी समोर आली तेव्हा मी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. "लई तिखट नाय, सवय लागते," साडू म्हणाले, तेव्हा त्यांच्याच डोळ्यांतून धार लागली होती. तिकडं कुणी खायला दिलं की लगेच घेत नाहीत. तोंडावर हात धरून आधी नको म्हणतात, आग्रह झाला की मग घेतात. खुलताबादला एका ओळखीच्यांकडं चहाचा कप पुढं आला आणि साडूंनी तोंडावर हात धरला. घरच्या बाईंना वाटलं, दाढ ठणकतेय. त्यांनी चहा आत नेला आणि लवंग आणून दिली. बसस्टँडपर्यंत साडू निमूट लवंग चघळत होते.

भूतानात तिरंदाजीच्या वेळी नेम धरणाऱ्याला समोरच्या संघाचे लोक गाणी म्हणून, टिंगल करून बिचकवतात, आणि बाण निशाण्याला लागला की मारणाऱ्याच्या नावानं नाच होतो. साडूंनी हे कॉलनीच्या कॅरम स्पर्धेत आणलं. समोरचा राणीवर नेम धरत असताना त्यांनी त्याच्या टकलावर रचलेलं गाणं सुरू केलं. पंचांनी त्यांनाच बाद केलं. साडू मुळीच खट्टू झाले नाहीत. जिंकलेल्या गड्यासाठी एकट्यानंच गोल धरून नाचले.

ताईंनी हे सगळं हसून सोसलं. पण मुलीचं लग्न निघालं आणि साडूंनी जाहीर केलं, "तिकडं घर पोरीला मिळतं, जावई नांदायला येतो. आपल्याकडंबी तसंच." स्थळं येत आणि हे ऐकून परत जात. एका मुलाचे वडील उठता उठता म्हणाले, "पोरगा दत्तक द्यायला आलोय का आम्ही?" ताईंनी साडूंशी बोलणं टाकलं. शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, मला कुणी विचारलंय का?" चिकलठाण्याच्या ज्या कारखान्यात ती हिशेबनीस आहे, तिथलाच एक मुलगा तिनं पसंत केला होता. तो इथं यायला तयार होता. अडचण होती त्याच्या आईची. त्या एकट्या होत्या.

बैठकीत त्या शांतपणे म्हणाल्या, "एकुलता एक हाय माझा. तो तुमच्याकडं आला तर मी कुणाकडं बघू?"

यावर भूतानात काय करतात ते साडूंना आठवेना. मग म्हणाले, "ही रांगत होती तेव्हा मी तिकडं रस्ता बांधत होतो. सुट्टीत आलो की मला बघून आईच्या मागं लपायची. आत्ता कुठं माझ्याशी भांडायला लागलीय. तुम्ही पण या ना. वरची खोली रिकामीच हाय."

"मला पायऱ्या चढवत नाय."

"मग खालची घ्या. आम्ही वर जातो."

त्या बाईंनी ताईंकडं पाहिलं. ताईंनी कित्येक दिवसांनी साडूंकडं पाहिलं, आणि चहा टाकायला आत गेल्या.

लग्न झालं. ताईंची एकच अट होती, पाठवणी व्हायलाच हवी. म्हणून सजवलेली गाडी विमानतळापर्यंत चक्कर मारून परत येणार, असं ठरलं. सगळ्यांना ते ठाऊक असल्यामुळं बायका रडता रडता हसत होत्या. गाडी कोपऱ्यावरून वळली आणि मंडळी जेवायला पांगली. साडू मात्र फाटकाशीच उभे होते. फेट्याच्या शेवानं ते डोळे पुसत होते.

मी म्हणालो, "अहो, अर्ध्या तासात येतील."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. फेट्याचा शेव मागं टाकत म्हणाले, "तिकडं पाठवणी नसते. म्हणून मला कळलंच नाय, हे जिवाला एवढं लागतं ते."

मग ते पायरीवर बसले. मीही त्यांच्याशेजारी बसलो. रस्त्यावरून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडं ते मान उंचावून पाहत होते.