दत्ताने विचारलं होतं

फौज सोडल्यावर मी जपानला, कोबेत सिक्युरिटी मॅनेजर झालो. रविवारी शहरामागच्या डोंगरांत चालतो, शक्यतो कोणी जात नाही तिथे. गेल्या फेब्रुवारीत संदीप सोबत आला. तो टोकियोत, तोयोसुला आयटीत आहे. त्याचा थोरला भाऊ, नाईक दत्ता माने, फौजेत माझ्या हाताखाली होता. बर्फात गेला.

अस्वलं दूर राहावीत म्हणून जपानमध्ये डोंगर चढणारे सॅकला घंटी बांधतात.

"सर, फौजेत गस्तीवर ही बांधली असती तर?"

"कोर्ट मार्शल."

तो हसला. माथ्याखाली धुकं उतरलं. पायाखाली वीतभर बर्फ होतं. पायवाट डोंगराच्या धारेवरून जात होती. मी धार सोडून खालच्या उतारावर वळलो.

"वाट वरून आहे, सर."

"खालून जाऊ."

"दादा असता तर सरळ वरून गेला असता. घाई नडली त्याला. आई अजून तेच म्हणते."

मी थांबलो. त्या दिवशी दत्ता चार जणांची पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, घेऊन पोस्टकडे परतत होता. मी पोस्टवर वायरलेस सेटवर होतो.

"साहेब, धारेवर आहोत. व्हाइट आउट, पुढचं काही दिसत नाही. कडेचं बर्फ पोकळ वाटतंय. खालून येऊ का? ओव्हर."

खालून तीन तास जास्त लागले असते. संध्याकाळी सीओ, आमचे कमांडिंग ऑफिसर, पोस्टवर येणार होते. पेट्रोल त्याआधी परत हवी होती.

"निगेटिव्ह. धारेनेच या. ओव्हर."

"रॉजर, साहेब."

दत्ता सर्वांत पुढे होता. कडेचं बर्फ तुटून तो खाली गेला. मागचे तिघे वाचले.

हे मी संदीपला याच क्रमाने सांगितलं.

"दादा गेल्यावर घरी आला होतात, तेव्हा का नाही बोललात?"

"धीर झाला नाही."

"मी आईला नाही सांगणार. तुम्ही सांगा."

त्याने हातमोजा काढून व्हिडिओ कॉल लावला. रेंज होती. पलीकडे साताऱ्यात सकाळ होती. आई दिसताच त्याने फोन माझ्या हातात दिला.

"साहेब, नाश्ता झाला का?"

"आई, दत्ताने घाई केली नव्हती. त्याने खालून यायची परवानगी मागितली होती. मी नाही म्हणालो."



"म्हणजे इतकी वर्षं मी उगाच बोल लावला हो त्याला."



नाईक दत्ता माने सावध माणूस होता. धोका त्याने वेळेत ओळखला, रीतसर कळवला, आणि मिळालेला हुकूम पाळला.