सावकाशमामांची शर्यत

ज्या माणसाला सगळा डेपो ‘सावकाश’ म्हणून हाक मारायचा, त्यानं शर्यतीच्या खुर्चीशेजारी उभं राहून लोकांना “या, बसा, पळवा!” म्हणावं, याहून मोठा विनोद त्या गेमिंगच्या प्रदर्शनात दुसरा नव्हता. मामांनी एकतीस वर्षं बस चालवली, एकदाही कुठं घासली नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं आणि वेळापत्रकाचा विषय मोठ्या मनानं टाळला.

खुर्ची त्यांच्या भाचीनं बनवली होती. समोर तीन पडदे, हातात स्टिअरिंग, पायाशी पेडल; पडद्यावरची गाडी वळली किंवा आदळली की खालच्या मोटरी माणसाला तसंच हलवायच्या. यासाठी भाचीनं चांगली नोकरी सोडली, तेव्हा तिच्या आईनं घर डोक्यावर घेतलं होतं. मामांनीच मध्ये पडून बहिणीकडून एक वर्ष मागून घेतलं. ते वर्ष या प्रदर्शनाबरोबर संपत होतं. सात ठिकाणी गेमिंग सेंटर चालवणाऱ्या एक मॅनेजरबाई शेवटच्या दिवशी येणार होत्या. त्यांना खुर्ची पटली तर पटली, नाहीतर सोमवारी भाचीनं मुकाट्यानं जुन्या ऑफिसात हजर व्हायचं, असं ठरलं होतं.

पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. ओरडत चढलेली माणसं पोट धरून उतरू लागली. भाची ज्याला त्याला आंबट गोळ्या वाटत सुटली.

“मामा, तुम्हाला कसं काही होत नाही?”

“ड्रायव्हरला कधी गाडी लागते का गं? लागते ती पॅसेंजरला.”

दुसऱ्या दिवशी हॉल उघडायच्या आधी मामांनी टेबलाला जास्तीचं स्टिअरिंग आणि पेडल बसवायला लावलं. भाचीनं तिथून गाडी चालवायची आणि मामांनी खुर्चीत हाताची घडी घालून बसायचं. डेपोत नव्या ड्रायव्हरला आधी आठ दिवस मागच्या बाकावर बसवत, कारण आपला ब्रेक दुसऱ्याच्या पोटात कसा जातो ते तिथं बसल्याशिवाय कळत नाही. तिसऱ्या वळणाला मामांनी तोंडावर रुमाल धरला.

“खुर्ची उशिरा हलते,” ते कसंबसं म्हणाले. “डोळे वळण घेऊन पुढं जातात आणि पोट मागून येतं.”

धक्के जोरात बसतात म्हणून लोकांना त्रास होतो, असं समजून भाची खुर्चीची हालचाल आणखी आणखी गुळगुळीत करत होती. त्या गुळगुळीतपणापायीच उशीर होत होता. रोगापेक्षा औषध जालीम, त्यातली गत! तिनं ते सगळं काढून टाकलं. संध्याकाळी खुर्चीपुढं रांग लागली.

शेवटच्या दिवशी मॅनेजरबाई आल्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, “मला गाडी चालवता येत नाही, आणि लागते मात्र सगळी. लिफ्टसुद्धा लागते. तुमच्यापैकी कुणीतरी चालवा. पोटात जरा ढवळलं की मी उठणार.”

भाची टेबलापासून मागं सरकली. “मामा, तुम्हीच बसा,” ती म्हणाली.

बाई खुर्चीत बसल्या, मामा टेबलाशी बसले. हिरवा दिवा लागला. बाकीच्या अकरा गाड्या सुसाट सुटल्या. मामांनी पडद्यावरच्या आरशात पाहिलं, सगळ्यांना पुढं जाऊ दिलं आणि मग निघाले. बघ्यांमध्ये खसखस पिकली. दोन वळणं झाली. पुढं पडद्यावरच्या कठड्यापाशी प्रेक्षकांची गर्दी हात हलवत होती. रस्त्याकडेला माणसांनी हात केला की एकतीस वर्षांचा मुरलेला पाय कुणाला विचारत नाही. भर शर्यतीत मामांनी गाडी कडेला घेऊन अलगद उभी केली.

लोक हसून हसून बेजार झाले. भाचीनं कपाळाला हात लावला. आपण काय केलं ते ध्यानात येताच मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीचं अख्खं वर्ष आपण एका सवयीपायी पाण्यात घातलं! तोंडून निघालं तेही सवयीचंच.

“उतरायचंय का कुणाला?”

“छे!” खुर्चीतून बाई म्हणाल्या. “उतरायचं कशाला? मला अजून काहीच होत नाहीये. चला पुढं!”

मामांनी शेजारी खिडकी असल्यासारखा खरोखरच उजवा हात बाहेर काढून दाखवला आणि गाडी हलवली. तीन फेऱ्या झाल्या. बाई खुर्चीतून उठल्या, सरळ चालत भाचीपाशी आल्या आणि म्हणाल्या, “सातही ठिकाणी कधी बसवून द्याल?”

भाची हसता हसता रडायलाच लागली. मामांनी खिशातून फोन काढून बहिणीला लावला.

“ताई, शर्यत झाली. पोरगी सोमवारी ऑफिसला जात नाही बरं का.”

“म्हणजे? शर्यतीचं काय झालं?”

“आपला शेवटचा नंबर आला,” मामा म्हणाले. आणि त्यांनी फोन भाचीच्या हातात दिला.